तुमचे प्रश्न: ताप, खोकला, पोटदुखी आणि एक टोपण औषध

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा जाड आहे. रिपोर्टच्या झेरॉक्स आहेत, औषधांच्या पट्ट्यांचे फोटो आहेत आणि बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच वाक्य आहे, 'कोणतं औषध द्यावं?' मुलाचं वय लिहायला तीन जण विसरले आणि वजन तर जवळजवळ कोणीच लिहिलेलं नाही. एकतीस वर्षं मी लहान मुलांचा छोटा दवाखाना चालवते. तिथे वजनकाटा आहे, स्टेथोस्कोप आहे, कानात बघायची बॅटरी आहे आणि भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे. बहुतेक निदानं एवढ्यावर होतात. पण पत्राला स्टेथोस्कोप लावता येत नाही. तेव्हा समोर बसला असतात तर जे बोलले असते तेच इथे लिहिते आहे.

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची, वजन १२ किलो. कालपासून ताप १०३. पॅरासिटामॉल एक टोपण दिलं की १०१ वर येतो, पाच तासांत पुन्हा चढतो. सर्दी-खोकला नाही. सासूबाई म्हणतात अँटिबायोटिक सुरू करा. शेजारच्या ताईंनी तापाचं दुसरं औषध मधेमधे द्यायला सांगितलंय. ताप डोक्यात जाऊन आकडी येईल अशी भीती वाटते. (एक आई)

वजन लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. हे उत्तर छापून येईल तोवर हा ताप गेलेला असेल, पण पुढचा येणारच आहे.

मला तापापेक्षा त्या टोपणाची काळजी वाटली. पॅरासिटामॉलच्या बाटल्या दिसायला सारख्या असतात. एकीत ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १००. नेहमीची बाटली संपली म्हणून थेंबांची आणली आणि ५ मिलीचं टोपण तेच ठेवलं, तर डोस चौपट झाला. डोस मुलाच्या किलोवर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलीला १२० ते १८०. म्हणजे १२० च्या बाटलीतून ५ ते साडेसात मिली, २५० च्या बाटलीतून अडीच ते साडेतीन. सुई नसलेल्या सिरिंजने मोजा, टोपण फेकून द्या. दोन डोसांत किमान चार तास हवेत, मी सहा सांगते. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

१०३ चा १०१ झाला म्हणजे औषधाने आपलं काम केलं. पॅरासिटामॉल एक-दोन अंश उतरवतं, आजार बरा करत नाही. अंग दुखायचं थांबावं, मुलीने चार घोट पाणी प्यावं, थोडं झोपावं, यासाठी ते द्यायचं. १०१ ताप असून पोरगी खेळत असेल तर बाटलीला हात लावू नका. शेजारच्या ताईंना नमस्कार सांगा आणि दुसरं औषध परत करा. दोन औषधं आलटून-पालटून देताना रात्री तीन वाजता कोणतं कधी दिलं हे कोणालाच आठवत नाही. शिवाय आयबुप्रोफेन (तापाचं ते दुसरं औषध बहुधा हेच असतं) उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या मुलाच्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं आणि डेंग्यूची शंका असेल तर रक्तस्राव वाढवू शकतं. घरातल्या मोठ्यांची अ‍ॅस्पिरिन तर मुलांच्या तापात नकोच. डग्लस राय या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९६३ मध्ये यकृत आणि मेंदूला सूज आणणारा एक घातक आजार वर्णिला. फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन दिलेल्या मुलांत तो जास्त दिसतो हे पुढे लक्षात आलं.

आता आकडी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात ती येते. माझ्या मुलीला एकोणीस महिन्यांची असताना आली. मला डॉक्टर होऊन आठ वर्षं झाली होती, तरी मी नुसती तिचं नाव घेत उभी राहिले. नवऱ्याने, जो डॉक्टर नाही, तिला कुशीवर वळवलं. करायचं होतं ते एवढंच. कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, घड्याळ बघा. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं ओलांडली तर गाडी काढा. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी मूल दाखवा. अशा साध्या आकडीने बुद्धीवर परिणाम होत नाही. तापाचं औषध घड्याळ लावून दिल्याने आकडी टळते असंही आढळलेलं नाही, तेव्हा त्यासाठी रात्रभर जागू नका.

सासूबाईंना मी सरळ नाही म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रातला 'सर्दी-खोकला नाही' हा भाग मला खटकतो. नाक वाहतंय, घरात सगळ्यांना सर्दी आहे, मग आला ताप, तर तो व्हायरसचा म्हणून मी दोन-तीन दिवस बघते. पण या वयाच्या मुलीला जोरात ताप आहे, घसा-कान साफ आहेत, बाकी काही सापडत नाही, तर लघवीतला संसर्ग शोधावा लागतो. इतकी लहान मुलं 'जळजळतं' असं सांगत नाहीत, नुसतीच तापतात. आणि लघवीचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचा. एक-दोन डोस पोटात गेले की कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू वाढत नाहीत, मग संसर्ग होता की नव्हता हे कधीच कळत नाही. धुऊन-पुसून, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत धरा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ (म्हणजे ३८ सेल्सिअस) ताप आला तर यातलं काहीही लागू नाही. ते बाळ त्याच वेळी, रात्र असली तरी, दाखवायचं. मोठ्या मुलांतही ताप उतरलेला असताना मूल मलूल पडून राहतंय, मान वाकवता येत नाही, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके आहेत, सहा-आठ तासांत लघवी नाही, तर थांबू नका. पाच दिवस ताप हटत नसेल आणि डोळे लाल, ओठ फुटलेले असतील, तर कावासाकी नावाच्या आजाराचा विचार करावा लागतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या सुजतात आणि उपचार पहिल्या दहा दिवसांत व्हावा लागतो.

प्रश्न: नातू साडेतीन वर्षांचा. बालवाडीत जायला लागल्यापासून दर महिन्याला सर्दी-खोकला. शेंबूड हिरवा झाला की डॉक्टर अँटिबायोटिक देतात आणि आठवड्यात बरं वाटतं. प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी करावी का? (एक आजोबा)

आजोबा, आठवड्यात बरं वाटलं ते त्या औषधाने की त्या आठवड्याने? या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या नेहमीच्या आहेत, बालवाडीच्या पहिल्या वर्षी त्याहून जास्तही होतात. एकेकीचा खोकला दहा दिवस तरी टिकतो, काहींचा तीन आठवडे. महिन्याचे दिवस मोजा, मग पोर 'सतत आजारी' का वाटतं ते कळेल. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, व्हायरसच्या सर्दीतही येतो. नुसत्या रंगावर अँटिबायोटिक लिहायची सवय आमच्या व्यवसायाची आहे आणि मीही सुरुवातीची काही वर्षं तशीच लिहीत होते. समोरचा माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ नये असं वाटायचं.

मग खरं अँटिबायोटिक कधी लागतं ते ओळखायचं काम मी तुमच्याकडे देते, कारण घरात शांत बसायला वेळ तुमच्याकडेच आहे. नातू झोपलेला किंवा शांत असताना सदरा वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त आणि त्याहून लहान बाळात ६० किंवा जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. ताप जास्त असेल तर तो थोडा उतरल्यावर पुन्हा मोजा. आकडा वर असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण 'पोट उडतंय' म्हणतो, तर न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

रक्ततपासणी आत्ता नको. वजन-उंची वाढते आहे का ते सांगा. वाढ थांबली असेल, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असेल, गळवं वारंवार होत असतील, तर मीच तपासणी लिहीन. खोकल्याची औषधं या वयात उपयोगाची नाहीत, झोप मात्र फार आणतात.

प्रश्न: बाळ अकरा महिन्यांचं, जुलाब आणि उलट्या. ओआरएसचं पाकीट अर्ध्या ग्लासात चिमूट-चिमूट टाकून देते, पण बाळ थुंकतं. (एक आई)

बाळ शहाणं आहे. ओआरएस चिमटीने करायचं नसतं. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर सगळं पाकीट १ लिटर पाण्यात, २०० मिली लिहिलं असेल तर २०० मध्ये. घट्ट केलं तर रक्तातलं मीठ वाढून आकडीही येऊ शकते, पातळ केलं तर उपयोग नाही. आतड्याच्या भिंतीतून मीठ आत जातं ते ग्लुकोजचा हात धरून, आणि त्यांच्यामागे पाणी. दोघांचं प्रमाण जुळलं तरच हे जमतं. २००२ मध्ये हे मिश्रण मुद्दाम आधीपेक्षा सौम्य केलं गेलं. नुसती गोड पेयं दिली तर जुलाब उलट वाढतात.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर मिनिटाला एक छोटा चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण सलाईन वाचतं ते यानेच. दर पातळ शीला ५० ते १०० मिली. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंक २० मिलिग्रॅम रोज, जुलाब थांबले तरी दहा ते चौदा दिवस पूर्ण. शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, बाळ पेंगतंय, यातलं काहीही दिसलं तर चमचा ठेवा आणि निघा. जुलाब 'बांधणारी' मोठ्यांची गोळी बाळाला कधीच देऊ नका.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा. रात्री खोकतो, पळाल्यावर खोकतो. डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहिलाय. पंपाची सवय लागते आणि उंची खुंटते म्हणतात. तोंडावाटे औषध चालणार नाही का? (एक आई)

खोकल्याच्या औषधातलं साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) एका वेळी साधारण २ मिलिग्रॅम पोटात जातं, मग रक्तातून सगळ्या अंगात फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या दोन दाबांत तेच औषध २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दहावा भाग, थेट फुप्फुसात. तेव्हा जास्त औषध कशात आहे ते तुम्हीच ठरवा. रोजचा पंप वेगळा, त्यात थोडं स्टेरॉइड असतं. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची उंची मोठेपणी सरासरी सेंटिमीटरभर कमी भरली, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण दमा मोकाट सुटला तर झोप, खेळ, शाळा आणि कधी कधी जीव जातो. सवय लागत नाही. पंप थांबवल्यावर दमा परत आला तर तो दम्याचा गुण. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची नळी) लावूनच द्या, नंतर चूळ भरायला लावा. आणि पुढच्या भेटीत मुलाला डॉक्टरांसमोर पंप घ्यायला सांगा. 'औषध लागू पडत नाही' म्हणून आलेली कितीतरी मुलं माझ्यासमोर औषध जिभेवर मारतात.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा. चार महिने पोट दुखतं, बेंबीभोवती, बहुधा सकाळी. रविवारी दुखत नाही. रक्त, लघवी, शी सगळं नॉर्मल. सोनोग्राफीत 'पोटात गाठी' आल्या आणि आम्ही झोप गमावून बसलो. तो नाटक करतो का? (एक बाबा)

नाटक नाही. त्याचं पोट खरोखर दुखतं. ब्रिस्टलचे जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली, त्यात साधारण दर दहातल्या एकाला असंच वारंवार पोट दुखत होतं. दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितकं शारीरिक कारण सापडण्याची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा मी अजून वापरते. तुमच्या मुलाचं बोट बेंबीवर जातं, हे बरं लक्षण आहे.

त्या गाठींचा धसका काढून टाका. पोटात लहान लसीकाग्रंथी (जंतूंशी लढणाऱ्या गाठी) प्रत्येक मुलाला असतात, यंत्रं चांगली झाली म्हणून आता दिसतात. रिपोर्टमध्ये माप बघा. ८ मिलिमीटरच्या आतल्या, ताप नाही, वजन घटलेलं नाही, तर त्यांच्यावर औषध नको. मी तुम्हाला तीन गोष्टी विचारल्या असत्या. झोपेतून उठवतं का? वर्षभरात उंची-वजन किती वाढलं? आणि शी कशी होते? 'रोज होते' हे उत्तर मला पुरत नाही. खडा होते का, संडास तुंबतं का, शाळेतलं संडास वापरतो का, असं मी मुलालाच विचारते. या वयातल्या पोटदुखीमागे बद्धकोष्ठ इतक्यांदा निघतं की सोनोग्राफीआधी तेच मिटवून बघावं.

रविवारचं तुम्हीच लिहिलंत, तेव्हा शाळेबद्दलही त्याला विचारा, पण 'शाळा बुडवायची आहे ना?' असं नाही. कोण त्रास देतं, डबा कोणाबरोबर खातो, कोणत्या तासाआधी दुखतं, हे विचारा. आणि दुखलं तरी तो शाळेत जाईल अशी व्यवस्था वर्गशिक्षकांशी बोलून करा. घरी राहिलेला प्रत्येक दिवस पुढच्या दिवशी जाणं अवघड करतो.

एक गोष्ट मात्र याहून अगदी वेगळी, आणि ती मी माझ्या चुकीतून शिकले. बावीस वर्षांपूर्वी संध्याकाळी एक चौदा वर्षांचा मुलगा आला. दुपारपासून अचानक पोट दुखत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या. वडील शेजारी, माझी मदतनीस समोर. पोट दाबलं, मऊ होतं. अ‍ॅसिडिटीचं औषध देऊन पाठवला. दुसऱ्या दिवशी सर्जनचा फोन आला. अंडकोषाला पीळ पडला होता, रक्तपुरवठा तुटून तो काळा पडला होता, काढावा लागला. दुखत कुठे होतं ते त्याला माहीत होतं, सर्वांसमोर सांगवलं नाही. मी पँट काढायला सांगितली नाही. सहा तासांत पीळ सोडवला तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो, दिवस उलटला तर फार क्वचित. आज अचानक पोट दुखतंय म्हणून मुलगा आला की मी बाकीच्यांना बाहेर बसवते, त्याची परवानगी घेते आणि खाली बघते. तुमच्या मुलाला हे एकदा घरी साध्या शब्दांत सांगून ठेवा: तिथे दुखलं तर लाजायचं नाही, रात्र असली तरी उठवायचं.

प्रश्न: मी पंधरा वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिन्यांनी येते आणि आली की नऊ-दहा दिवस जाते. पहिले तीन दिवस तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागतं. जिना चढला की धडधडतं. कधी कधी सकाळी उठावंसंच वाटत नाही. मावशी म्हणते पीसीओडी आहे, आई म्हणते मोबाइल कमी कर. मला डॉक्टरांशी आईशिवाय बोलायचं आहे, चालेल का?

चालेल. या पत्रांत सगळ्यात नेमकं पत्र तुझं आहे. किती दिवस, किती तासांनी, सगळं लिहिलंस.

पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षं तारखा मागेपुढे होतात, तुझ्या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तू त्याबाहेर आहेस, पण मला तारखांपेक्षा रक्ताची काळजी आहे. सात दिवसांपेक्षा जास्त जाणं आणि तासाला पॅड भिजणं हे 'मुलींना होतंच' या खात्यातलं नाही. धडधड आणि थकवा रक्त कमी झाल्याने असू शकतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. तुझ्या वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात, आणि ते बरं असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. थायरॉइडचीही तपासणी होईल. लोहाच्या गोळ्या लागल्या तर शी काळी होईल, घाबरू नकोस, आणि आकडा सुधारल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेव.

आता हे आठवून बघ. नाकातून वारंवार रक्त येतं का? दात काढल्यावर बराच वेळ वाहत राहिलं का? न लागता काळे-निळे डाग पडतात का? आई, मावशी, आजी यांनाही असंच जायचं का? पहिल्या पाळीपासून असं होत असेल तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोष असू शकतो. सगळ्यात जास्त आढळणारा दोष एरिक फॉन विलेब्रांट या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ मध्ये एका मुलीच्या कुटुंबावरून वर्णिला. आज त्यावर औषधं आहेत, पण आधी कोणीतरी ही शंका घ्यावी लागते. मावशीला सांग, या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडी (अंडाशयात बारीक ठिपके दिसणारा हार्मोन्सचा विकार) म्हणत नाहीत, कारण तुझ्या वयाच्या निरोगी मुलींच्या अंडाशयातही तसे ठिपके दिसतात.

'उठावंसं वाटत नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते थकव्याने असेल, तर रक्त वाढलं की जाईल. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त मन उदास आहे, आवडायचं तेही नको वाटतं, असं असेल तर डॉक्टरांना तेही सांग. जगूच नये असा विचार एकदा जरी आला असेल तर उद्यावर टाकू नकोस, आजच विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग.

एकटीने बोलण्यासाठी निमित्त शोधू नकोस. आत गेल्यावर म्हण, 'मला पाच मिनिटं एकटीला बोलायचं आहे.' माझ्या दवाखान्यात बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलासाठी मी आई-बाबांना थोडा वेळ बाहेर बसवते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. तू सांगशील ते तुझ्याजवळ राहतं. जिवाला धोका असेल तरच मी घरच्यांना सांगते, तेही आधी तुला सांगून. तपासणी आणि उपचारांना आईची संमती लागेल, तेव्हा तिला पूर्ण बाहेर ठेवता येणार नाही, आणि बहुधा तुलाही ते नको असेल.

जाताना गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दर दिवशी किती पॅड लागले ते लिहून ने. आईला हे पान दाखवलंस तरी चालेल, तुझं नाव कुठेच नाही.